घोडा दहा रुपयांना, कोथिंबीर फुकट

कांदिवली पश्चिमेला स्टेशनबाहेर पडून महात्मा गांधी रोडला लागलं, की संध्याकाळी सातच्या सुमारास करार कायद्याचा वर्ग भरलेला दिसतो. विद्यार्थ्यांच्या हातात पुस्तकांऐवजी कापडी पिशव्या असतात, एवढाच फरक. पाव किलो गवारीचा भाव ठरतो, वजन होतं, पैसे दिले जातात आणि मग खरा पेपर सुरू होतो: "थोडी कोथिंबीर टाका की वरून, दोन मिरच्या पण." भाजीवाला कपाळाला आठ्या घालतो आणि टाकतो. ही कोथिंबीर कोणत्या खात्यातली? गवारीच्या किमतीत धरलेली, भाजीवाल्याने केलेलं दान, की गिऱ्हाइकाने केलेली वसुली? भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यात कोथिंबिरीचा उल्लेख नाही, पण उत्तर मात्र आहे. कलम २५ म्हणतं, मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल. "कोथिंबीर टाकणार असाल तरच गवार घेते," असं वजनाआधी बजावलं असेल, तर कोथिंबीर सौद्यात आली आणि भाजीवाला बांधला गेला. पैसे दिल्यावर मागितली, तो "टाकतो" म्हणाला आणि विसरला, तर त्याच्यावर दावा चालत नाही, कारण त्या शब्दाच्या बदल्यात त्याला नवं काहीच मिळालेलं नाही. मात्र कोथिंबीर एकदा पिशवीत पडली, की त्याच कलमाचं पहिलं स्पष्टीकरण तिच्या रक्षणाला धावून येतं: प्रत्यक्ष देऊन झालेली भेट पक्की. म्हणूनच मुरलेलं गिऱ्हाईक पिशवीचं तोंड आधीच उघडं धरतं आणि जुडी पडताक्षणी मिटून घेतं. भेट पूर्ण झाल्याचा याहून स्वच्छ पुरावा कुठल्याही न्यायालयाला मिळणार नाही.

आता याच्या पुढचा, सगळ्या कांदिवलीला रात्रंदिवस छळणारा प्रश्न: गवारीचा भाव रास्त होता का? घरी गेल्यावर शेजारीण सांगते की तिला पाच रुपये कमीने मिळाली आणि जेवणाची चव जाते. कायद्याला या दुःखाबद्दल काडीचीही आस्था नाही. देवघेव झाली की नाही, एवढंच तो विचारतो. ती बरोबरीची झाली की नाही, हे विचारत नाही. यासाठी कायदा करणाऱ्यांनी एक घोडा आणला आहे. कलम २५ च्या दाखल्यात 'अ' नावाचा गृहस्थ हजार रुपये किमतीचा घोडा 'ब'ला दहा रुपयांना द्यायचं राजीखुशीने कबूल करतो. मोबदला अगदीच अपुरा, पण करार पक्का. हा 'अ' मोठा विलक्षण माणूस आहे. याच कलमात तो 'ब'ला उगीचच हजार रुपये द्यायचं वचन देतो, ते रद्द होतं. मग मुलाला मायेपोटी हजार रुपये लिहून, नोंदवून देतो, ते टिकतं. दोन कलमं मागे, कलम २३ मध्ये, तो हजार रुपयांच्या बदल्यात 'ब'ला सरकारी नोकरी लावून द्यायचं ठरवतो, ते अर्थातच बेकायदा. म्हणजे दीडशे वर्षांत भाव सोडला तर या व्यवहारात फारसा फरक पडलेला नाही. गंमत अशी, की या सगळ्या हजारांमध्ये कायद्याला खटकतो तो फुकटचा हजार आणि काळा हजार. घोड्यावर पाण्यात गेलेल्या नऊशे नव्वद रुपयांबद्दल त्याची काही तक्रार नाही.

ज्यांना ही बेफिकिरी अजब वाटते, त्यांनी आपण कोणत्या शहराच्या पोटात राहतो ते आठवावं. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळालं, आणि १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं किती? वर्षाला दहा पौंड, सोन्यात, सप्टेंबरच्या ३० तारखेला. आजच्या मुंबईत एवढ्यात चारचाकीची पार्किंगची जागा सोडाच, तिची वेटिंग लिस्टही मिळणार नाही. कांदिवलीकरांनी मनाला लावून घेऊ नये. कांदिवली साष्टीत असल्यामुळे त्या दहा पौंडांत नव्हतीच. साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे राहिली, १७३० च्या दशकात मराठ्यांनी घेतली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी सरळ हिसकावली, म्हणजे आपल्या वाट्याला दहा पौंडांचं नाटकही आलं नाही. पुढे १९२० च्या दशकात बॅकबेचा समुद्र बुजवायला कांदिवलीच्या टेकडीचा दगड गेला. टेकडीला काय मिळालं, हे विचारायला ती उरली नाही. सांगायचा मुद्दा असा, की दहा पौंडांत शहर देणारा व्यवहार इंग्रजी न्यायाच्या नजरेत अगदी नीटनेटका होता. तिथली न्यायालयं मिरीचा एक दाणासुद्धा मोबदला म्हणून चालवून घेतात. १९५९ मध्ये नेस्ले कंपनीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं, की गाण्याची तबकडी देताना कंपनी पैशांबरोबर चॉकलेटचे तीन रिकामे कागद मागत असेल, तर ते कागदही मोबदल्याचा भाग आहेत. कंपनी ते आल्याबरोबर केराच्या टोपलीत टाकत होती, तरीही. मागणाऱ्याने मागितलं आणि देणाऱ्याने दिलं, इथे हिशेब संपतो. त्याचं पुढे काय केलं, ही कंपनीच्या झाडूवाल्याची बाब.

इथे कुणीही शहाणा माणूस हात वर करणार. मग नाडलेल्यांनी काय करायचं? घोडा दहा रुपयांना देणारा माणूस भोळा असेल, कर्जात बुडालेला असेल, तर कायदा खुर्चीत टेकून "देवघेव झाली ना?" एवढंच विचारणार? आक्षेप रास्त आहे, आणि कायद्यानेच तो आधी ओळखला आहे. घोड्याचा दाखला एक नाही, दोन आहेत. दुसऱ्यात तोच घोडा, तेच दहा रुपये, पण 'अ' म्हणतो, "माझी संमती मोकळी नव्हती." आता मात्र ते नऊशे नव्वद रुपये साक्षीला उभे राहतात: इतका स्वस्त सौदा कुणी सुखासुखी करील का, हे न्यायालय बघू शकतं. म्हणजे कमी किंमत हा गुन्हा नाही, पण गुन्ह्याचा सुगावा असू शकतो. कलम १६ मध्ये गावचा सावकार आहे. आधीच कर्जात असलेल्या माणसाला त्याने जाचक अटींवर नवं कर्ज दिलं, तर आपण दबाव आणला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. त्याच्या शेजारी बँकवालाही बसवला आहे: बाजारात पैशाची टंचाई असताना त्याने भरमसाट व्याज लावलं, तर तो दबाव नव्हे, तो धंदा. दोघांचंही व्याज चढं, पण एकासमोरचा माणूस कोंडीत सापडलेला, दुसऱ्यासमोरचा बाजारात उभा. कायदा आकड्याकडे न बघता त्या माणसाच्या पाठीमागे भिंत आहे का, हे बघतो. आपण नेमकं उलट करतो. आयुष्यभर आकडा बघतो आणि भिंत पाठीला लागल्यावर शेजाऱ्याला विचारतो, तुम्हाला किती मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. मिरीचा दाणाही पुरत असेल, तर मोबदल्याची अट ठेवायचीच कशाला? ती काढून टाका आणि दिलेला प्रत्येक शब्द पाळायला लावा. हे करून बघायचं असेल तर आधी लोकलमध्ये करून बघावं. विरारहून भरून येणाऱ्या गाडीत कांदिवलीला चढलेला माणूस बसलेल्याला विचारतो, "कुठे उतरणार?" तो म्हणतो, "अंधेरी." झालं, सीट 'बुक' झाली, असं उभा असलेला मानतो. अंधेरीला बसलेला उठतो आणि भलत्याच ओळखीच्याला बसवतो. शब्द मोडला, पण करार मोडला नाही, कारण उभ्या माणसाने बदल्यात दिलं काय, तर प्रश्न. याउलट सकाळच्या ठरलेल्या गाडीचे ग्रुप बघा. बोरिवलीपर्यंतचा पास काढून उलटं जाऊन सीट पकडणारे अर्ध्या वाटेत उठतात आणि उभ्या मित्रांना बसवतात, कारण उद्या ते यांना बसवणार असतात. वचनाच्या बदल्यात वचन: कलम २ ला हा मोबदला पुरतो. पहिल्या प्रकारातली सगळी आश्वासनं न्यायालयात नेता आली, तर "बघतो", "करतो", "भेटू एकदा निवांत" या तीन वाक्यांवरच मुंबईची न्यायालयं पुढची दोनशे वर्षं व्यग्र राहतील. मोबदल्याची अट रास्तपणा मोजण्यासाठी नाहीच. बोलघेवडेपणा आणि व्यवहार यांच्यामधलं ते फाटक आहे, आणि ते मिरीच्या दाण्याने उघडतं, पण नुसत्या "हो हो"ने उघडत नाही.

हे फाटक किती बारकाईने उघड-बंद होतं, ते गणपतीच्या वर्गणीत दिसतं. पावतीपुस्तक घेऊन आलेल्या मुलांना "पाचशे लिहा, देतो नंतर" असं सांगून दार लावणाऱ्यांनी दोन जुने खटले वाचून ठेवावेत. अलाहाबादला १९१४ मध्ये मशिदीच्या दुरुस्तीसाठी पाचशे रुपये कबूल करून न दिलेल्याचं प्रकरण आलं. काम सुरूच झालं नव्हतं, तेव्हा वचन कोरडं ठरलं आणि तो सुटला. पण १८८६ मध्ये कलकत्त्याला हावड्याच्या टाउन हॉलसाठी शंभर रुपये आकडा घातलेला माणूस अडकला, कारण वर्गणीदारांच्या भरवशावर ठेकेदाराशी करार होऊन बसला होता. थोडक्यात, तुमच्या पाचशेच्या भरवशावर मंडळाने मांडववाल्याला ऑर्डर दिली असेल, आणि तसं होणार हे तुम्हाला ठाऊक असेल, तर दार लावून उपयोग नाही. मंडळाच्या मुलांना हे कळलेलं नाही, ही वर्गणीदारांवर बाप्पाची कृपा.

याच हिशेबात चहापाणीही बसतं. नळ दुरुस्तीचे पैसे ठरले, काम झालं, पैसे दिले आणि प्लंबर दारात रेंगाळतो: "साहेब, चहापाणी?" साहेब वेळ मारून न्यायला म्हणतात, "उद्या ये, देतो." हा 'उद्या' न्यायालयात उभा राहत नाही, आणि तसं सांगणारा निकाल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. १८७७ च्या रामचंद्र चिंतामण विरुद्ध काळू राजू या प्रकरणात वकीलपत्र घेऊन झाल्यावर अशिलाने दावा जिंकल्यास वर इनाम द्यायचं कबूल केलं होतं. न्यायालय म्हणालं, झटून काम करायला वकील आधीच बांधलेला होता. इनामाच्या बदल्यात त्याने नवं काय दिलं? तेव्हा वकिलाला जे मिळालं नाही ते प्लंबरला कसं मिळणार. दिवाळीची पोस्त म्हणूनच हातात ठेवायची असते, कबूल करायची नसते. सोसायटीच्या उत्साही सेक्रेटरीची गोष्टही फार वेगळी नाही. १८८० च्या अलाहाबादच्या एका खटल्यात कलेक्टरच्या सांगण्यावरून बाजार बांधणाऱ्याने दुकानदारांकडे कबूल झालेलं कमिशन मागितलं. न्यायालयाने विचारलं, बाजार दुकानदारांच्या सांगण्यावरून बांधलास का? नाही ना, मग मोबदला नाही. तेव्हा कुणी न सांगता गच्चीवर कुंड्या मांडून दर सभेत "मी सोसायटीसाठी एवढं केलं" म्हणणाऱ्याचं देणं सोसायटी लागत नाही. सभासदांनी कृतज्ञतेच्या भरात त्याला भरपाई द्यायचा ठराव केला, तर मात्र कलम २५ चं दुसरं पोटकलम जागं होतं: आपणहून केलेल्या मागच्या कामाची भरपाई कबूल केली, की ती द्यावी लागते. म्हणून कृतज्ञता टाळ्यांपुरती ठेवलेली बरी.

मोबदला अजिबात नसतानाही पक्का ठरणारा करार म्हणजे प्रेमाचा. पण कायद्याचं प्रेम आंधळं नाही. ते जवळच्या नात्यातलं हवं, लेखी हवं आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. मग प्रेम आहे हे ठरवायचं कसं? १८९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे भिवा विरुद्ध शिवराम हे दोन भावांचं प्रकरण आलं. जमिनीच्या वाट्यासाठी आधीच एक दावा झालेला, जमीन वडिलोपार्जित नाही असं एका भावाने शपथेवर सांगितल्यामुळे तो फेटाळलेला. पुढे त्याच भावाने समेटासाठी अर्धी जमीन द्यायचं नोंदवून दिलं आणि मग पुन्हा हात आखडला. न्यायालय म्हणालं, भावाशी समेट व्हावा म्हणून जो जमीन द्यायला निघाला, त्याच्या मनात माया होती, करार पक्का. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला एका नवऱ्याने बायकोला पोटगी आणि वेगळं राहायला जागा नोंदवून दिली, पण त्या कागदातच रोजच्या भांडणांचं वर्णन होतं. तिथल्या न्यायालयाला त्यात प्रेमाचा मागमूस दिसला नाही आणि करार पडला. तात्पर्य, भांडण करावं, पण दस्तात लिहू नये. महाराष्ट्रात आज राहतं घर बायको, नवरा, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. ही सवलत दिवंगत मुलाच्या पत्नीलाही आहे. हयात मुलाच्या पत्नीचं नाव त्या यादीत नाही. कुटुंबव्यवस्थेचा एवढा सखोल अभ्यास मुद्रांक विभागाने कुठे केला, कळत नाही.

हे सगळं जिथे एकत्र येतं ते ठिकाण म्हणजे कांदिवलीचा आजचा धर्म, पुनर्विकास. चारकोपपासून ठाकूर कॉम्प्लेक्सपर्यंत चार माणसं जमली की कार्पेट, कॉर्पस आणि भाडं या तीन शब्दांपलीकडे बोलणं जात नाही. इथला मोबदला सरळ आहे: सभासद जुनं घर आणि बांधकामाचा हक्क देतात, बिल्डर नवं घर देतो आणि वरचं विकतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदित्यराज बिल्डर्सच्या प्रकरणात हेही सांगून टाकलं, की सभासद आपलं नवं घर विकत घेत नाही, ते जुन्याच्या बदल्यात येतं. म्हणून जादा विकत घेतलेल्या जागेपुरतंच खरेदीचं मुद्रांक शुल्क. पण सभेत हे कुणाला नको असतं. सभेचा एकच प्रश्न: "शेजारच्या सोसायटीला किती मिळालं?" शेजारच्यांना थोडं जास्त मिळालं असेल तर आपली फसवणूक झाली, आणि कमी मिळालं असेल तर नक्की काहीतरी लपवताहेत. सरकारचा दृष्टिकोन मात्र घोड्याच्या दाखल्याइतकाच कोरडा आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली २००९ मध्ये निघालेल्या आणि ४ जुलै २०१९ ला सुधारलेल्या निर्देशांत, सभासदाला किती टक्के जादा जागा मिळालीच पाहिजे, असा आकडा ठरवून दिलेला नाही. त्यांत आहे ती संमतीची शिस्त: सभेची सूचना, गणसंख्या, निबंधकांचा प्रतिनिधी, आणि लग्नासारखं सभेचं व्हिडिओ चित्रीकरण. शासनाला तुमच्या कार्पेटची लांबी-रुंदी मोजायची नाही. हात वर केला तेव्हा तो तुमचाच होता ना, आणि तुम्ही जागे होता ना, एवढं बघायचं आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे. ही संमती तरी कुठली मोकळी? करारनामा शंभराच्या घरातल्या पानांचा, इंग्रजी, बारीक टायपातला. वरचा मजला गळतोय, पिलरला तडे गेलेत, बाकीच्यांनी सह्या केल्यात. अशात 'हो' म्हणणारा माणूस घोडा विकणाऱ्या 'अ'इतका स्वतंत्र आहे का? पूर्ण स्वतंत्र नाही, हे मान्यच करावं लागेल. पण म्हणून न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटचा रास्त भाव ठरवायला बसावं, हा उपाय रोगाहून वाईट. न्यायाधीशाला चारकोपच्या तळमजल्याचा आणि लोखंडवालाच्या सातव्या मजल्याचा भाव आपल्यापेक्षा चांगला कळेल, असं मानायला काहीही आधार नाही. आणि एकदा का किमतीवरून करार मोडता येऊ लागला, की आपला करार आपण मोडू तसा बिल्डरही मोडील. त्याचा वकील आपल्याहून महाग असतो. संमती दुबळी असेल तर ती धडधाकट करणं हाच खरा इलाज: करारनाम्याचा मराठी मसुदा मागणं, भाडं थांबलं तर काय आणि ताबा लांबला तर काय हे कलम शोधून वाचणं, स्वतःचा वकील आणि आर्किटेक्ट नेमणं, आणि समोसा-चहा येण्याआधी प्रश्न विचारणं. हे कंटाळवाणं आहे, म्हणून आपण ते करत नाही. त्याऐवजी सभेत दोन तास शेजारच्या इमारतीच्या कॉर्पसवर चर्चा करतो आणि आपला मसुदा "वाचलेला आहे असं समजून" मंजूर करतो.

तेव्हा कायदा रास्तपणाबद्दल बेफिकीर आहे, हा आरोप अर्धाच खरा आहे. सौदा रास्त आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार त्याने काढून घेतलेला नाही. तो आपल्याकडेच ठेवला आहे, कारण आपला घोडा आपल्याला किती प्यारा हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्याने फक्त या अधिकाराला एक मुदत घातली आहे: सही करेपर्यंत. आपण तो अधिकार सही झाल्यावर, जिन्यात उभं राहून, शेजाऱ्याचा आकडा ऐकून वापरायला काढतो आणि मग ज्याला अन्याय म्हणतो, तो बहुतेक वेळा नुसता उशीर असतो.